‘रिफाइल’ म्हणजे नक्की काय केलं हो?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर एक बातमी होती, मथळा असा की ‘याचिका फेटाळली, आता रिफाइल करणार’. खाली मजकुरात त्याच याचिकेबद्दल एकदा ‘मागे घेतली’ लिहिलंय, मग ‘परत केली’, आणि शेवटी ‘फेरयाचिका दाखल होणार’. एवढ्याशा बातमीत चार वेगवेगळ्या गोष्टी, आणि चारही एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. मी काही भाषेची प्राध्यापक वगैरे नाही, एका वकिलांच्या ऑफिसात वीसेक वर्षं टायपिंग, फायलिंग, ऑब्जेक्शन काढणं (म्हणजे कोर्टाच्या ऑफिसनं दाखवलेल्या त्रुटी दुरुस्त करणं) असली कामं करते, त्यामुळे ‘रिफाइल’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो आणि म्हणूनच तो असा कुठेही चिकटवलेला दिसला की राहवत नाही. भाषाशुद्धीचं भांडण नाहीये हे आधीच सांगते. रिफाइल म्हणा, रिफायलिंग म्हणा, आम्हीपण तेच म्हणतो. फक्त वाचणाऱ्याला कळू दे की त्या कागदाचं पुढे झालं काय.

या शब्दानं मला स्वतःला एकदा चांगलंच गंडवलंय. वडिलांच्या सर्व्हिस रेकॉर्डमधे नावात एक काना जास्त पडला होता, तो काढायला एका ऑफिसात अर्ज दिला होता. थोड्या दिवसांनी निरोप आला की एक जोडपत्र कमी आहे. मी ते घेऊन गेले, टेबलावरच्या माणसानं बघितलं, पूर्ण गठ्ठा पुढे ओढला, जोडपत्र लावलं आणि म्हणाला, “झालं, रिफाइल करतो.” मी खूश. मला वाटलं अर्ज आता पूर्ण झाला म्हणून हा परत साहेबांपुढे ठेवणार. चार महिने वाट बघितली, काहीच नाही. शेवटी परत गेले तर त्यानं भिंतीजवळचं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून एक बांधलेली फाइल काढली, धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवली. वरच्या कोपऱ्यात लाल शाईत त्याच दिवसाची तारीख आणि शेजारी ‘रिफाइल’. म्हणजे त्याच्या हिशोबानं त्यानं बोलल्याप्रमाणे केलं होतं, फाइलमधून काढलेले कागद परत फाइलला लावले होते. मी म्हटलं, “अहो पण तुम्हीच म्हणालात ना रिफाइल करतो?” तर तो पण तितक्याच निरागसपणे म्हणाला, “मग केलंय की मॅडम!”

रागावू कोणावर? दोघंही बरोबर होतो. तेव्हापासून मला या शब्दाचं जरा वेडच लागलं म्हणा.

इंग्रजीत फाइल हा शब्द मुळात लॅटिन ‘फिलम’ म्हणजे दोरा यावरून फ्रेंचमार्गे आला. पूर्वी कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवायचे, त्या ओवण्याला फाइल करणं म्हणायचे, पंधराव्या शतकापासून तो शब्द त्या अर्थानं सापडतो. म्हणजे आधी अर्थ होता नीट लावून ठेवणं, मग जिथे लावून ठेवतात तिथे नेऊन देणं, म्हणजे कोर्टात किंवा ऑफिसात देणं हाही अर्थ आला. एक काम कागदाला झोपवायचं, दुसरं कागदाला उठवायचं, आणि शब्द एकच. त्यात आणखी पुढे ‘रि’ लावला. हा ‘रि’ पण लॅटिनच, आणि त्याचेही दोन अर्थ, ‘मागे’ आणि ‘पुन्हा’. झालं, दोन दुणे चार. माझ्या त्या कपाटवाल्या गृहस्थानं ‘मागे’ घेतला, मी ‘पुन्हा’ घेतला.

यात गंमत अशी की आपल्या मराठीत अगदी याच तोलामोलाचा शब्द आहे, ‘परत’. परत गेला म्हणजे मागे गेला, परत म्हणाला म्हणजे पुन्हा म्हणाला. ‘अर्ज परत दिला’ हे वाक्य घ्या, कोणी दिला? ऑफिसनं मला दिला की मी ऑफिसला दिला? दोन्ही होऊ शकतं. बोलताना चालतं, कारण समोर माणूस असतो, हात कुठल्या दिशेला गेला ते दिसतं, पण छापलेल्या ओळीत हात दिसत नाही हो. ‘परत घेतलेली याचिका परत केल्यावर परत दाखल’ असं वाक्य मी एकदा ऑफिसात सगळ्यांना हसवायला टाइप केलं होतं, आणि आमचे सर ते वाचून गंभीरपणे म्हणाले की यात चूक काहीच नाही.

आणि ‘दाखल’चं काय! हा आपल्याकडे अरबीतून फारसीमार्गे आला, मूळ अर्थ आत गेलेला, आत शिरलेला. म्हणून पेशंट दाखल होतो, गुन्हा दाखल होतो, पाहुणे दाखल होतात आणि जूनमधे मान्सूनपण दाखल होतो. (मधे खंड पडला की तुम्हीच छापता ‘पाऊस पुन्हा दाखल’, तेव्हा मला उगाच वाटतं की पावसानं ऑब्जेक्शन काढून रिफाइल केलं असणार.) पण याच दाखलच्या आधी ‘दप्तरी’ लावा आणि बघा. ‘अर्ज दाखल केला’ म्हणजे काम सुरू झालं, ‘अर्ज दप्तरी दाखल केला’ म्हणजे काम संपलं, गुंडाळलं, आता विसरा. म्हणजे इंग्रजीच्या फाइलमधे जी दुतोंडी गंमत आहे तीच आपल्या दाखलमधे पण आहे, फक्त आपण एक शब्द पुढे जोडून ती सोडवून ठेवलीये. ते दप्तर पण किती लांबून आलंय, ग्रीकमधे कातड्याला जो शब्द होता त्यावरून फारसी-अरबीत दफ्तर, आणि आपल्याकडे ते पोराच्या पाठीवरही आहे आणि पेशवे दप्तरातही आहे. जुने मोडी कागद ज्या कापडात बांधून ठेवत त्याला रुमाल म्हणतात, तेव्हा त्या काळी कोणी कागद बघून झाल्यावर ‘रुमालात परत बांधा’ म्हणालं असतं तर कोणाचाही चार महिन्यांचा घोळ झाला नसता. सरकारी मराठीत फाइलला नस्ती म्हणतात, नस्तीबद्ध करणे, नस्ती बंद करणे वगैरे. मला तो शब्द कधी जवळचा वाटला नाही, नसती उठाठेव आठवते, पण निदान तो एकाच दिशेला जातो. नस्तीबद्ध केलं म्हटल्यावर कोणी साहेबांपुढे जायची वाट बघत बसणार नाही.

आता मुख्य मुद्दा, कोर्टाचा. कारण तुमच्या बातम्यांमधे रिफाइल नाहीतर ‘पुन्हा दाखल’ बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आमच्या बोलण्यात खरं रिफायलिंग एकच. कागद कोर्टात दिला, त्याला लगेच पक्का नंबर मिळत नाही, मुंबई हायकोर्टात आधी स्टॅम्प नंबर किंवा लॉजिंग नंबर पडतो, मग कोर्टाचं ऑफिस ऑब्जेक्शन लावतं, पान नंबर नाही, भाषांतर नाही, फी कमी, सही राहिली, असं काहीबाही. ते सगळं दुरुस्त करून तोच कागद परत आत द्यायचा, ते रिफाइल. त्यात बाजू तीच, मागणी तीच. हरणं-जिंकणं यातलं काही झालेलंच नसतं, जज्जसाहेबांनी कागद बघितलेलाही नसतो. दाखल करायला झालेला उशीर आणि रिफाइल करायला झालेला उशीर हे दोन वेगळे उशीर धरतात हे किती लोकांना माहीत असतं? पहिल्याला मुदतीचा कायदा लागतो, विलंब माफीचा अर्ज लागतो, कारणं नीट द्यावी लागतात. दुसऱ्यालाही माफी मागावी लागते पण तिथे कोर्ट सहसा एवढं कडक नसतं, कारण माणूस दारात वेळेवर येऊन गेलेला असतो. तुमच्या बातमीत नुसतं ‘दाखल करण्यास विलंब’ आलं की वाचणाऱ्याला वाटतं की हा माणूस झोपलेला होता.

बाकीच्या सगळ्या गोष्टींना रिफाइल म्हणणं म्हणजे वरणाला, आमटीला आणि साराला एकच नाव देण्यासारखं आहे.

दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची आहे, त्यात हे इतकं बारीक वेगळं करून ठेवलंय की वाचून मजा वाटते. आदेश ७ नियम १० खाली दावा परत करतात, म्हणजे इथलं काम नाही, योग्य कोर्टात न्या. इथे ‘परत’ म्हणजे मागे. नियम ११ खाली दावा नामंजूर होतो, म्हणजे दाव्याला कारणच दिसत नाही, किंवा फी भरायला सांगून भरली नाही वगैरे, आणि नियम १३ म्हणतो की तेवढ्यानं त्याच कारणावर नवा दावा लावायला बंदी नाही, अर्थात मुदत उरली असेल तर. मग आदेश ९, तारखेला गैरहजर राहणाऱ्यांचा. दोन्ही बाजू आल्या नाहीत आणि दावा काढून टाकला तर वादी नवा दावा लावू शकतो, नाहीतर जुनाच परत घ्या असा अर्ज करू शकतो. पण प्रतिवादी आला आणि वादीच आला नाही, आणि त्यामुळे दावा गेला, तर त्याच कारणावर नवा दावा नाही, फक्त जुना परत मूळ नंबरावर घ्या अशी विनंती करायची. म्हणजे एका तारखेला समोरचा माणूस रिक्षातून वेळेवर पोचला की नाही यावर तुमचं ‘पुन्हा दाखल’ अवलंबून असतं! हे आम्हाला एका क्लायंटला समजवायला अर्धा तास लागला होता आणि तरी तो जाताना म्हणालाच, “म्हणजे रिफाइल करायचं ना?”

आणि मागे घेणं. आदेश २३ नियम १. दावा मागे घेताना कोर्टाकडून नव्यानं लावायची परवानगी घेतली तर ठीक, आम्ही त्याला लिबर्टी घेतली म्हणतो, मराठीत ‘मुभा’ हा सुंदर शब्द आहे आणि तुमचे काही जुने बातमीदार तो बरोबर वापरायचे, ‘नव्याने दावा दाखल करण्याची मुभा देत कोर्टाने दावा मागे घेऊ दिला’. मुभा न घेता मागे घेतला तर त्याच विषयावर परत दावा लावता येत नाही. आणि मुभा असली तरी घड्याळ थांबत नाही, मुदत मोजताना पहिला दावा कधी नव्हताच असं धरतात. तेव्हा ‘मागे घेतला’ एवढंच छापलंत आणि ‘मुभा’ गाळलीत तर बातमीतला जीवच गेला ना. तो एक शब्द असला तर माणूस परत येऊ शकतो, नसला तर घरी.

राहिलं फेटाळणं. दोन्ही बाजू ऐकून, पुरावा बघून कोर्टानं निकाल दिला तर तीच गोष्ट परत त्याच पक्षकारांमधे लावता येत नाही, कलम ११, रेस ज्युडिकाटा. तिथे अपील असतं, किंवा पुनर्विलोकन, किंवा पुनरीक्षण, म्हणजे वरच्या कोर्टात जा, किंवा त्याच कोर्टाला म्हणा की साहेब ही उघड चूक राहिलीये, किंवा वरच्याला म्हणा की खालच्यानं अधिकार सोडून काम केलंय. तीनही वेगळे. ‘याचिका फेटाळली, आता रिफाइल करणार’ हा तुमचा मथळा म्हणूनच खटकला. फेटाळली असेल तर नुसती रिफाइल कशी होणार, आणि रिफाइल होणार असेल तर फेटाळली कशी म्हणायची? अमेरिकेत तर खटला काढून टाकताना कोर्ट तिथेच लिहितं, ‘विदाउट प्रेज्युडिस’ की ‘विथ प्रेज्युडिस’, पहिलं असेल तर परत लावता येतो, दुसरं असेल तर संपलं. रिफाइल हा शब्द तिकडच्या बातम्यांमधे म्हणून भरपूर दिसतो, तो तिथे नेमकं काहीतरी सांगतो. आपण तो उचलला पण त्याच्या मागचं ते दीड वाक्य तिथेच सोडून आलो.

‘फेर’बद्दलपण एक बोलायचंय. फेरमतदान, फेरनिविदा, फेरपरीक्षा, फेरतपासणी, फेरविचार, यातला फेर हा फिरण्यातला, त्यात नुसतं पुन्हा नाही, तर कदाचित काही बदलेल अशी आशा किंवा धमकी आहे. जमिनीच्या कागदात तर फेरफार म्हणजे सरळ बदलच, गाव नमुना ६ ला फेरफार नोंदवहीच म्हणतात. म्हणून फेरविचार याचिका बरोबर वाटते, कारण विचार बदला म्हणूनच ती असते, पण नुसती पान नंबर टाकून परत दिलेली याचिका ‘फेरयाचिका’ कशी? काहीच फिरलेलं नाही. कोणीतरी ‘पुनर्दाखल’ पण लिहितात, संस्कृतचं डोकं आणि अरबीचं धड. मी त्याला नाक मुरडणार नाही कारण आपल्याकडे असे जोड पुष्कळ आहेत आणि सुखात नांदतायत, पण बोलताना कोणी म्हणतं का हो पुनर्दाखल? मी एकदा फोनवर म्हणून बघितलं, पलीकडून “हॅलो? हॅलो?” आलं.

इनकम टॅक्सवाल्या पानावर वेगळीच तऱ्हा. तिथे आपण मुळात दाखल म्हणतच नाही, रिटर्न ‘भरतो’, फॉर्म भरतो तसा, आणि परत भरला म्हणतो. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १३९(५) खाली सुधारित रिटर्न होतं, म्हणजे माझी चूक मला दिसली आणि मी आपणहून बदललं. १३९(९) खाली सदोष रिटर्न, म्हणजे खात्याला दोष दिसला आणि त्यांनी कळवल्यावर पंधरा दिवसांत, किंवा वाढवून दिलेल्या मुदतीत, तो काढायचा, नाही काढला तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. आणि २०२२ मधे अपडेटेड रिटर्न आलं, १३९(८अ), ते आणखी तिसरंच, त्यात जास्तीचा कर भरून उशिरा कबुली द्यायची. या तिन्हीला ‘रिटर्न पुन्हा भरा’ असं एका ओळीत छापलं की ज्याला दोषाची नोटीस आलीये तो आरामात बसतो, त्याला वाटतं सुधारित भरायला वेळ आहे अजून. त्याचे पंधरा दिवस कोण परत देणार?

जाता जाता, रिफाइलचं स्पेलिंग. तुमच्या पेपरात मी ते रिफाइल, रिफाईल, रीफाइल असं तीन तऱ्हेनं बघितलंय आणि एकदा चक्क ‘याचिका रिफिल केली’. पेन संपलं असेल कदाचित. आणि आमच्या बिल्डिंगमधले सुतारकाका म्हणतात की रिफाइल म्हणजे करवतीला परत कानस मारणं, त्यांचंही बरोबर, कानशीला इंग्रजीत फाइलच म्हणतात, पण तो शब्द दोऱ्यावरून आलेला नाही, तो जुन्या इंग्रजीतला वेगळाच आहे, नुसता दिसायला सारखा. तेवढ्यावर त्यांना मी सोडलं, दाते घासताना जास्त बोलू नये.

तर माझी मागणी काय म्हणाल तर मोठी नाही. तुमच्या बातमीदारानं कोर्टातून फोनवर ‘रिफाइल’ असं सांगितलं की डेस्कवरच्या कोणीतरी त्याला एवढं विचारायचं, कागद आधी बाहेर कसा आला? ऑफिसनं ऑब्जेक्शन लावून बाहेर दिला, कोर्टानं दुसरीकडे जा म्हणून परत केला, यांनी स्वतः मागे घेतला, तारखेला न गेल्यामुळे गेला, की ऐकून फेटाळला. ते एकदा कळलं की मराठी क्रियापद आपोआप सुचतं, ‘त्रुटी काढून परत दिला’, ‘दुसऱ्या कोर्टात लावला’, ‘मुभा घेऊन नव्यानं दाखल केला’, ‘मूळ नंबरावर घ्या म्हणून अर्ज केला’, ‘अपिलात गेले’. हे सगळे शब्द कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येतात, कोणाला डिक्शनरी लागत नाही. आणि यातल्या कशालाच रिफाइलपेक्षा फार जास्त जागा लागत नाही, लागलीच तर जाहिरातीतून दोन ओळी घ्या.

माझ्या वडिलांच्या नावातला तो काना शेवटी निघाला, दुसऱ्यांदा अर्ज दिला तेव्हा. यावेळी मी त्या गृहस्थाला विचारलं, “आता हे कुठे जाणार?” त्यानं फाइल हातात धरून आधी साहेबांच्या केबिनकडे बोट केलं, मग कपाटाकडे, आणि म्हणाला, “आधी तिकडे, मग इकडे.” तेवढंच हवं होतं.

हे पत्र लांबलंय मला माहीत आहे, कापायचं तर कापा. पण जागा नाही म्हणून छापलं नाहीत तर कृपया परत पाठवू नका, मीच परत पाठवीन.

आपली,
एक जुनी वाचक आणि टायपिस्ट